अँटोनोव्हला चाळिशी लागली: संरक्षणविषयक संसदीय समितीस बेळगावहून खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
संरक्षणविषयक संसदीय स्थायी समिती,
संसद भवन, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी हवाई दलातून निवृत्त झालेला इंजिन फिटर. नोकरीची बरीच वर्षं अँटोनोव्ह एएन-३२ या मालवाहू विमानाच्या पंखाखाली गेली, असं मी लोकांना सांगतो. खरं तर पंखावर गेली. या विमानाची दोन्ही इंजिनं पंखाच्या वरच्या अंगाला बसवलेली आहेत, कच्च्या धावपट्टीवरची धूळ-खडी सहजी आत जाऊ नये म्हणून. त्यामुळे काम म्हणजे शिडी लावायची, वर चढायचं आणि मे महिन्यात तव्यासारख्या तापलेल्या पत्र्यावर गुडघे टेकून बसायचं. माझा उजवा गुडघा पावसाळा आला की अजून ते आठवून देतो.

आता सांबऱ्याजवळच्या एका गावात राहतो. ज्या सांबऱ्याच्या प्रशिक्षण शाळेत कोवळ्या वयात माझे केस भादरले गेले, तिथून हाकेच्या अंतरावर आमचं शेत आहे. पहाटे मोटर चालू करायला गेलो की नव्या अग्निवीर पोरांचं 'एक-दो-एक' ऐकू येतं. त्यांतली काही उद्या मी सोडून आलेल्याच विमानांवर चढणार आहेत. विमान त्यांच्या वडिलांच्या वयाचं असेल.

पत्र मराठीत लिहितोय. कन्नड मला बाजारापुरतं आणि सातबाऱ्याच्या कामापुरतं येतं, हिंदी फौजेत शिकलो, आणि इंग्रजी फॉर्म-७०० भरण्यापुरतं. (फॉर्म-७०० म्हणजे विमानाची वही. कुठला नट कुणी आवळला, कुणी तपासला, सगळं त्यात सहीनिशी. ती सही असल्याशिवाय वैमानिक शिडीवर पाय ठेवत नाही.) मनातलं मात्र मराठीतच नीट मांडता येतं. आपल्याकडे भाषांतरकार असतीलच.

विषय एकच. एएन-३२ च्या जागी काय घ्यायचं ते आता ठरवा आणि ठरवलेल्याची तारीख जाहीर करा. पैशाची ओढाताण आहे हे मला ठाऊक आहे. पण जुनं विमान ओढत ठेवण्यालाही पैसे लागतात. ते दुसऱ्या खात्यातून जातात म्हणून तुमच्या टेबलावर येत नाहीत, एवढंच.

आधी हिशोब मांडतो, कारण आपल्याला तोच आधी विचारला जाणार. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये मिळाले. त्यातले १ लाख ६० हजार कोटींहून जास्त पेन्शनला. माझी पेन्शनही त्यातच, तेव्हा त्या रकान्याकडे बोट दाखवण्याचं तोंड मला नाही. नवं सामान घ्यायला १ लाख ८० हजार कोटी, आणि त्यात विमानं व इंजिनं यांच्यासाठी ४८,६१४ कोटी. आकडा मोठा वाटतो. पण सप्टेंबर २०२५ मध्ये ९७ तेजस मार्क-१ए लढाऊ विमानांचा जो करार झाला तो एकटाच ६२,३७० कोटींचा आहे. तो काही एका वर्षात द्यायचा नसतो, हे मान्य. तरी असे चार-पाच करार एकाच ताटात जेवायला बसलेत. लढाऊ विमान पहिल्या पंगतीला बसतं. मालवाहू शेवटच्या पंगतीला, वाढपी दमल्यावर.

ते चूक आहे असंही मी म्हणत नाही. लढाऊ स्क्वाड्रन कमी पडताहेत, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माझं म्हणणं एवढंच की शेवटच्या पंगतीचं पानही मांडून ठेवावं लागतं.

एएन-३२ आपल्याकडे १९८४ पासून आलं, सोव्हिएत संघाकडून. शंभरावर विमानं. काय विमान होतं! मागचा दरवाजा म्हणजे रॅम्प नुसता खाली उघडत नाही, तो रुळावरून सरकून विमानाच्या पोटाखाली जातो. मग ट्रक उलटा लावायचा आणि फळीला फळी भिडवून माल सरळ आत ढकलायचा. लेहच्या पातळ हवेतही इंजिनं दम धरायची. सी-१७ आणि सी-१३०जे ही मोठी अमेरिकी मालवाहू विमानं नंतर आली, त्यांची छायाचित्रं पेपरात छापून येतात. पण सीमेवरच्या लहानसहान धावपट्ट्यांना रोजचं मीठ-पीठ पोचवलं ते या दोन पंख्यांच्या म्हाताऱ्यानं.

मग १९९१ साली ज्या देशानं विमान दिलं तो देशच राहिला नाही. कारखाना युक्रेनच्या वाट्याला गेला आणि बरेचसे जोडभाग रशियात राहिले. पुढे २००९ मध्ये युक्रेनशी सुमारे ४० कोटी डॉलरचा करार झाला. शंभराच्या आसपास विमानं नवी उपकरणं बसवून घ्यायची आणि पंचवीस वर्षांचं आयुष्य चाळीसवर न्यायचं. चाळीस विमानं युक्रेनमध्ये होणार, उरलेली कानपूरच्या बेस रिपेअर डेपोत. २०१४ मध्ये त्या दोन देशांत बिनसलं आणि कानपूरच्या कामाला लागणारं सामान अडकलं. २०२२ पासून तर तिकडे उघड युद्धच चालू झालं. १९८४ साली आलेल्या विमानाची चाळीस वर्षं २०२४ मध्येच भरली. अगदी शेवटी आलेल्यांची २०३१ च्या आसपास भरतील. वाढवून घेतलेलं आयुष्यसुद्धा संपत आलंय, म्हणून 'चाळिशी लागली' असं वर लिहिलं.

आता जवळून एक गोष्ट सांगतो. कुठल्या तळावरची, कधीची, ते राहू दे.

एका सकाळी एका विमानाच्या इंजिनात तेल गळताना दिसलं. खोललं तर दोष एका पंपाचा. भांडारात तो पंप नाही, मागणीपत्र आधीच दोन वेळा गेलेलं. विमान 'ए.ओ.जी.' झालं, म्हणजे एका भागापायी जमिनीला खिळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका चौकीला रसद न्यायची होती. मग नेहमीचा उपाय. हँगरच्या कोपऱ्यात एक विमान मोठ्या तपासणीसाठी जॅकवर उभं होतं. त्याचा पंप काढायचा आणि याला बसवायचा. आमच्या भाषेत त्याला 'कॅनिबल' करणं म्हणतात. शब्द राक्षसी आहे, आणि कामही.

लोकांना वाटतं, इकडचा भाग तिकडे लावला, झालं. तसं नसतं. चांगल्या विमानाचं इंजिन उघडायचं, निरोगी पंप काढायचा, तोंडं बंद करून सील करायची, वहीत लिहायचं. मग बिघडलेल्यावर चढायचं, जुना काढायचा, नवा बसवायचा, रबरी कडी बदलायची, इंजिन चालवून बघायचं, गळती पाहायची, पुन्हा लिहायचं. महिनाभराने खरा पंप आला की हेच सगळं त्या कोपऱ्यातल्या विमानावर परत. एका बिघाडाला तीन वेळा काम. त्या रात्री आम्ही चौघे जण टॉर्च दातात धरून अडीच वाजेपर्यंत पंखावर होतो. विमान पहाटे गेलं, अधिकाऱ्यांनी पाठ थोपटली. पण कोपऱ्यातलं विमान आता दोन भागांना मोताद झालं होतं, कारण खोलताना एक जुनं कपलिंग तुटलं. तेही विमानाच्याच वयाचं, त्याचा तरी काय दोष!

त्या रात्रीच्या चार माणसांचे सहा तास कुठल्या बजेटमध्ये दिसतात? कुठल्याच नाही. पगार ठरलेला असतो, जागरण फुकट. नवं विमान घेतलं की त्याची किंमत भांडवली खर्चात ठसठशीत दिसते, त्यावर सभागृहात प्रश्न येतात. जुनं विमान रेटलं की खर्च महसुली खात्यात सुटे भाग, ओव्हरहॉल, वाहतूक, खास विमानाने मागवलेला पंप अशा बारीक-बारीक रकान्यांत विरघळून जातो. माझी पहिली विनंती म्हणूनच साधी आहे. एएन-३२ चं एक उड्डाणतास आज किती रुपयांना पडतं आणि दहा वर्षांपूर्वी किती पडत होतं, हे समितीने हवाई दलाकडून मागावं. आकडे गुप्त ठेवायचे तर बंद खोलीत मागा. पण मागा.

उशिराची किंमत कशी वाढते याचं ताजं उदाहरण ॲव्हरो या आणखी जुन्या मालवाहू विमानाचं आहे. कानपूरला बांधलेलं पहिलं ॲव्हरो उडालं ते १ नोव्हेंबर १९६१ ला. (या तारखेला आमच्या सीमाभागात काळा दिवस पाळतात, इथे तो विषय नको.) त्याच्या बदलीसाठी निविदा निघाली २०१३ मध्ये. बोली एकच आली, टाटा आणि एअरबसची. एकच बोली, मग घ्यायची कशी, यावर विचार सुरू झाला. मे २०१५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने हिरवा कंदील दाखवला तेव्हा प्रकरण सुमारे १२ हजार कोटींचं असल्याच्या बातम्या होत्या. करारावर सही झाली २४ सप्टेंबर २०२१ ला, एअरबसची ५६ सी-२९५ विमानं, २१,९३५ कोटी. हे दोन आकडे एकाच तागडीत तोलता येत नाहीत. मधल्या काळात रुपया घसरला, करारातल्या गोष्टीही बदलल्या असतील. पण सहा वर्षं थांबून काही स्वस्त पडलं नाही, एवढं तर कुणीही सांगेल. पहिलं सी-२९५ आलं सप्टेंबर २०२३ मध्ये. म्हणजे आजोबांनी पाहिलेलं विमान नातवाने निवृत्त करायला घेतलं. ॲव्हरोला मागचा रॅम्पही नव्हता, सगळं बाजूच्या दारातून चढवायचं.

निर्णय लांबणं म्हणजे काय, ते आम्हा बेळगावकरांना कुणी शिकवायला नको. आमचा सीमाप्रश्न १९५६ पासूनचा, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. माणूस वाट बघत राहतो, घर मात्र रोज चालवावंच लागतं. हवाई दलाचंही तसंच चाललंय.

आता काय करावं. हा माझा अधिकार नाही, पण खुलं पत्र लिहायला बसलोय तर संकोच कशाला.

बडोद्याला सी-२९५ चा कारखाना उभा राहिला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. ५६ पैकी १६ विमानं स्पेनहून तयार आली, शेवटचं ऑगस्ट २०२५ मध्ये ताब्यात मिळालं. उरलेली ४० बडोद्याला बनायची आहेत, शेवटचं ऑगस्ट २०३१ पर्यंत. करार झाला तेव्हा सरकारने सांगितलं होतं की १३,४०० हून जास्त सुटे भाग आणि ४,६०० जोड-संच इथेच बनतील, सव्वाशेवर लहान-मध्यम उद्योगांकडून. साचे, जिग, माणसांचं शिक्षण, तपासणीचे शिक्के, हा सगळा पहिल्या खेपेचा खर्च आपण भरून चुकलोय. २०३१ ला शेवटचं विमान बाहेर पडल्यावर पुढची मागणी नसेल तर त्या साच्यांवर धूळ बसेल. गूळ करणाऱ्याला विचारा, गुऱ्हाळ एकदा पेटलं की ऊस संपेपर्यंत विझू देत नाहीत. चुलाण गार झालं की परत तापवण्यात अर्धं सरपण जातं.

म्हणून एएन-३२ चं जे रोजचं काम आहे, त्यातल्या मोठ्या हिश्श्यासाठी सी-२९५ ची दुसरी खेप आत्ताच मागवावी. पहिल्या कराराला ५६ ने भागलं तर विमानामागे सुमारे ३९२ कोटी पडतात, बरोबरचं सामान आणि सेवा धरून. दुसऱ्या खेपेला कारखाना नव्याने उभारायचा नाही, हे वाटाघाटीत आपलं हुकमी पान आहे. ते पान कारखाना चालू आहे तोवरच चालतं. नौदल आणि तटरक्षक दलासाठीही याच विमानाच्या १५ नगांना फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्यता मिळाली आहे. एकच जात जितकी जास्त, तितकं भांडार सोपं.

यावर कुणी म्हणेल, सी-२९५ नऊ टन उचलणारं विमान, मग एएन-३२ पेक्षा जास्तच की, संपला प्रश्न. नाही संपला. आणि हे मी इंजिन फिटर म्हणून सांगतो. एएन-३२ च्या एकेका इंजिनात पाच हजारांवर घोड्यांची ताकद आहे. सी-२९५ च्या इंजिनात साधारण २,६४५. विमान हलकं आहे, पंखा नव्या पद्धतीचा आहे, पेट्रोल-पाण्याला काटकसरी आहे, सगळं खरं. पण लेहची धावपट्टी साडेदहा हजार फुटांच्या वर आहे. लडाखच्या सीमेवरची दौलत बेग ओल्डीची धावपट्टी १६,६१४ फुटांवर. तिथे ३१ मे २००८ ला एएन-३२ च उतरलं होतं, चाळीसहून जास्त वर्षांनी उतरलेलं पहिलं विमान. त्या हवेत कागदावरचे टन कामाला येत नाहीत. जादा ताकद लागते, आणि एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्याने डोंगर ओलांडून न्यायला हवं. त्या कामाला सी-२९५ जुंपणं म्हणजे दोन बैलांच्या गाडीला वासरू जोडणं.

तेवढ्यासाठी मोठं विमान हवंच. हवाई दलाने डिसेंबर २०२२ मध्ये १८ ते ३० टन उचलणाऱ्या मध्यम मालवाहू विमानासाठी कंपन्यांकडून माहिती मागवली. त्याआधी रशियाबरोबर मिळून असंच एक विमान बनवायचा बेत होता. तो वर्षानुवर्षं कागदावर उडून शेवटी बारगळला. आता शर्यतीत अमेरिकेचं सी-१३०जे, ब्राझीलचं सी-३९० आणि युरोपचं ए-४००एम अशी नावं घेतली जातात. बातम्या येतात, प्रदर्शनात कोनशिला बसावी तसे सामंजस्य करार होतात, विमान येत नाही.

माझी भीती अशी की शंभर एएन-३२ च्या बदल्यात तितकीच मोठी विमानं मागायची, किंमत बघून अर्थ खात्याने डोळे पांढरे करायचे, आणि फाइल परत वर्षभर फिरायला जायची. गरजच तशी नाही. मी स्वतः चढवलेला माल आठवून सांगतो. कांद्याची पोती, रॉकेलची पिंपं, गाद्या, तंबू, डाकेच्या थैल्या, एकदा तर जिवंत बकऱ्या. बहुतेक फेऱ्यांना विमान वजनाने भरायच्या आधी जागेने भरायचं. अशा कामाला वीस-पंचवीस टनी विमान लावणं म्हणजे कोपऱ्यावरून दूध आणायला ट्रक काढणं. मोठी विमानं थोडी घ्या, फक्त उंचावरच्या आणि जड कामाला, आणि ती लवकर घ्या.

कुठलं घ्यावं यात मी पडणार नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. सी-१३०जे आपल्याकडे आधीच बारा आहेत. त्यांची अवजारं भांडारात आहेत, त्यांवर हात बसलेली माणसं आहेत, दौलत बेग ओल्डीला ते ऑगस्ट २०१३ मध्ये उतरलेलं आहे. सी-३९० जास्त उचलतं आणि जास्त वेगानं जातं. ब्राझीलवाले इथे बनवायचीही तयारी दाखवतात. पैसे मुबलक असते तर चर्चा रंगली असती. हात आखडता असताना फिटर नेहमी तेच सांगेल, ज्याचे पाने (स्पॅनर) घरात आहेत ते विमान घ्या. कुणी चांगलं कारण देऊन मला खोडून काढलं तर माझी हरकत नाही. फक्त ते कारण पाच वर्षं शोधत बसू नका.

जे काही घ्याल त्याच्या करारात एक कलम मात्र घासाघीस करून घाला. मोठी दुरुस्ती इथे करण्याचा आणि सुटे भाग इथे बनवण्याचा हक्क, आराखड्यांसकट. युक्रेनचा धडा आपण भरपूर फी देऊन शिकलोय.

उद्यमबागेत माझ्या शाळासोबत्याची फाउंड्री आहे. बेळगावचं कास्टिंग देशभर जातं, हे आपल्याला ठाऊक असेल. निवृत्तीनंतर एकदा चहा पिता पिता मी त्याला कागदावर एक बुश, म्हणजे दांड्याभोवती बसतं ते धातूचं कडं, काढून दाखवला. तोच, ज्याच्यासाठी आम्ही महिनोन् महिने थांबायचो. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, बोटाने माप घेतलं आणि म्हणाला, "पीस उद्या देतो रे. पण उडायचा कागद कोण देणार?"

त्याने एका वाक्यात सगळं सांगितलं. लष्करी विमानाचा लहानात लहान भागसुद्धा उड्डाणयोग्यतेच्या मंजुरीशिवाय बसत नाही आणि बसूही नये. माणसं बसतात त्यात. पण मूळ आराखडा, धातूचं मिश्रण, उष्णता-प्रक्रियेची कृती हे हातात नसलं तर मंजुरी देणारा तरी कशावर देणार? इथून तासाभराच्या वाटेवर हत्तरगीला एरोस्पेस सेझ आहे. तिथे परदेशी प्रवासी विमानांचे भाग घडतात, आमच्या हुक्केरी-संकेश्वरकडची पोरं मशीनवर उभी असतात. मायक्रॉनमध्ये काम करतात. त्यांच्या हाताला आपल्याच हवाई दलाचा भाग लागावा, एवढी हौस आम्हाला आहे. त्यात आमचा स्वार्थ आहे, लपवत नाही.

पैसे वाचवायची एक सोपी वाट आहे, ती पटकन सांगून टाकतो. सैनिकांची सुट्टीवरची ये-जा जी 'कुरिअर' फेऱ्यांनी होते, ती जिथे नागरी विमानं रोज उतरतात तिथे भाड्याच्या विमानांनी जास्तीत जास्त करा. पुलवामानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये गृह खात्याने निमलष्करी जवानांना श्रीनगरसाठी नागरी विमानाची मुभा दिलीच होती. २०२० च्या खरेदी नियमावलीत सामान भाड्याने घेण्याचीही सोय आहे. जुनं एएन-३२ माणसांनी भरून समुद्रावरून न्यायची गरज जितकी कमी पडेल तितकं बरं. २२ जुलै २०१६ ला तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं कुरिअर २९ जणांसह नाहीसं झालं. त्याचे अवशेष बंगालच्या उपसागराच्या तळाशी, ३,४०० मीटर खोल सापडल्याचं जानेवारी २०२४ मध्ये कळलं. साडेसात वर्षं. ३ जून २०१९ ला जोरहाटहून अरुणाचलातल्या मेचुकाला निघालेलं दुसरं कोसळलं, १३ जण गेले. या अपघातांचा दोष मी वयाला देत नाही, तो तपासणाऱ्यांचा विषय आहे. पण त्या विमानांवर हात चालवलेल्या प्रत्येक फिटरने त्या दिवशी मनातल्या मनात आपल्या सह्या आठवल्या, हे आपल्याला कळावं म्हणून लिहिलं. आयएल-७६ ही मोठी मालवाहू विमानंसुद्धा १९८५ पासूनचीच. त्यांच्यासाठी वेगळं पत्र लिहावं लागेल.

आपल्यापेक्षा लहान खिशाच्या देशांनी हे केलंय. न्यूझीलंडची पाच हर्क्युलिस विमानं १९६५ पासूनची. त्यांनी २०२० मध्ये पाचाला पाच नवी सी-१३०जे ठरवली, २०२४ मध्ये ती आली, संपला विषय. त्यांच्याकडे पाचच विमानं होती आणि हिमालय नाही, हे कबूल.

शेवटी आमच्या गावाशी लागून असलेली एक गोष्ट. बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. बांगलादेश युद्धात ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलवर जी छत्रीधारी पलटण उतरली ती २ पॅरा, म्हणजे मुळातली ३ मराठा. पूंगलीचा पूल त्यांनी धरला, आणि जमिनीवरून येऊन त्यांना मिळाली १ मराठा, आमची जंगी पलटण. कॅम्पातल्या जुन्या माणसांना हे तोंडपाठ असतं. त्या पोरांना उचलून नेणारी विमानं कुठली होती ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. डाकोटा, पॅकेट, कॅरिबू, एएन-१२. काही तेव्हाच म्हातारी होती. पॅकेटचा दम कमी पडतो म्हणून आपल्या लोकांनी त्याच्या पाठीवर एक जेट इंजिन बसवलं होतं. इंजिन फिटर म्हणून मला त्या कारागिरीचा अभिमान वाटतो. पण जुन्याच्या पाठीवर जेट बांधण्याची वेळ यावी, याला मी खरेदीचं धोरण म्हणणार नाही.

गल्लीतला एक मुलगा आज त्याच रेजिमेंटमध्ये आहे, लडाखला. मागच्या वर्षी बहिणीच्या साखरपुड्याला यायला निघाला. दोन दिवस हवा खराब, तिसऱ्या दिवशी हवा मोकळी पण विमान बिघडलेलं. साखरपुडा हुकला. घरी आला तो थेट माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "काका, तुमचं विमान." मी काय बोलणार? चहा दिला.

समितीचा पुढचा अहवाल आला की मी त्यात एएन-३२ चं पान आधी उघडेन. 'प्रक्रिया सुरू आहे' असं लिहिलेलं असेल तर शेजारी पेन्सिलीने आजची तारीख टाकून ठेवीन, फॉर्म-७०० मध्ये दोष नोंदवायचो तशी.

आपला,
एक निवृत्त इंजिन फिटर
सांबरा परिसर, जि. बेळगाव

ता. क. : पत्र पुरं करेपर्यंत तोच मुलगा सुट्टी संपवून परत निघालाय. वरच्या ट्रान्झिट कॅम्पात सीट लागायची वाट बघत आज तिसरा दिवस. त्याच्या आईने पलटणीतल्या पोरांसाठी दिलेला कुंद्याचा डबा कॅम्पातच रिकामा झाला म्हणतो.